दोनशे बारावं मशीन

विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे असं तपासनीसाचं ठाम मत होतं, आणि म्हणूनच गेली अकरा वर्षं तो कुणावरही विश्वास न ठेवण्याचा पगार घेत होता. शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या कचेरीच्या तळमजल्यावर एक थंडगार खोली होती. तिथे लोखंडी रॅकांवर सर्व्हर ओळीने घुरघुरत पडलेले असत, जेवण अंगावर आलेल्या पाहुण्यांसारखे. दिवसभर ते एकमेकांशी बोलत: अमुक टाकीत पाणी किती, तमुक पंप चालू की बंद, कुठल्या वस्तीला कधी सोडायचं. हे बोलणं वाटेत कुणी चोरून ऐकू नये, किंवा मध्येच तोंड घालून भलतंच काही सांगू नये, म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. म्हणजे शब्दाशब्दाला कुलूप. आणि कुलूप म्हटलं की ते कधी ना कधी जुनं होतं, कुणीतरी रिकामटेकडा हुशार माणूस ते तारेने उघडून दाखवतो, मग कुलूपवाले घाईघाईने नवं काढतात. आपल्या घरात कुणाच्या दाराला अजून जुनंच कुलूप लोंबतंय हे दर सोमवारी हुडकणं हे तपासनीसाचं काम. त्यासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो एकेका सर्व्हरला विचारत जायचा, बाबा रे, तुझं व्हर्जन कितवं? उत्तरात जुना आकडा आला की नाव लाल यादीत. नाही आला की हिरव्या. शेवटी तपासनीस ‘दोनशे अकरापैकी दोनशे अकरा ठीक’ असं लिहून खाली सही ठोकायचा. कचेरीत त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं. घराला कुलूप लावून जिना उतरला की तो परत वर जाऊन ते दोनदा ओढून बघायचा. तिसऱ्यांदा मात्र केवळ बायकोला चिडवायला, असं तो म्हणत असे.

त्या सोमवारी सकाळी कुलूपवाल्यांची नोटीस आली. मथळा मोठ्या अक्षरात होता: एन्क्रिप्शनमध्ये गंभीर भोक सापडलं आहे, चार पॉइंट एकपेक्षा जुनी सगळी व्हर्जन ताबडतोब बदला. नोटीस चार पानी होती. तपासनीसाने मथळा वाचला, पहिलं पान वाचलं आणि कामाला लागला. त्याच्या सगळ्या मशीनवर व्हर्जन चार होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच मोहीम काढून, तिनावर सुखाने नांदणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला चारावर आणून बसवलं होतं; त्याबद्दल मिळालेली पितळी फुलाफुलांची ढाल त्याच्या टेबलावर पेनं ठेवायच्या उपयोगी पडत होती. आता चाराचं चार पॉइंट एक करायचं, म्हणजे सकाळभराचं काम. पण वरच्या मजल्यावरच्या मॅडम हुशार होत्या. त्या म्हणाल्या, या खेपेला मला यादीवरून नको, खोलीत जाऊन हाताने मोजून सांगा. तपासनीसाला जरा लागलं. अकरा वर्षांत त्याच्या यादीला कुणी बोट लावलं नव्हतं. तरी दारामागच्या खुंटीवरचा सामाईक स्वेटर त्याने अंगात चढवला, ज्याला आजवर घालणाऱ्या सगळ्यांचा मिळून एकच वास येत असे, पुठ्ठा नि पेन्सिल घेतली आणि एक, दोन, तीन म्हणत रॅकांच्या मधून निघाला. मोजून झाले तेव्हा दोनशे बारा भरले. आपलंच चुकलं असणार असं त्याला वाटलं; संशयाची सुरुवात स्वतःपासून करावी ही त्याची जुनी शिस्त. उलट्या टोकाने मोजले. दोनशे बारा. तिसऱ्यांदा प्रत्येकाला बोट लावत गेला. शेवटच्या रॅकच्या अगदी तळाशी, जुन्या केबलींनी भरलेल्या खोक्याच्या आडोशाला, एक चपटं राखाडी मशीन निळा दिवा लुकलुकवत बसलं होतं, आणि त्याच्या कपाळावर पिवळट पडलेली चिठ्ठी होती: ‘हात लावू नये.’ अक्षर ओळखायला त्याला चष्मा पुसावा लागला नाही. ‘ह’ची शेपटी अशी खाली ओढून पुन्हा वर वळवणारा माणूस त्या इमारतीत एकच होता.

त्या माणसाला सगळे चालतंयराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं होतं. तपासनीसापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सर्व्हर चालू ठेवणं हे त्यांचं काम आणि ते चालू आहेत म्हणजे ठीक आहेत का हे बघणं तपासनीसाचं, म्हणजे रीतीप्रमाणे दोघांचं हाडवैर असायला हवं होतं. पण झालं होतं उलटंच. काहीही विचारा, चालतंयराव म्हणायचे, ‘चालतंय ना? मग चालू दे.’ तपासनीसाला हे वाक्य पहिल्या वर्षी आळशीपणाचं वाटलं, तिसऱ्या वर्षी शहाणपणाचं वाटू लागलं, आणि त्यानंतर त्यात काही वाटायचं राहिलंच नाही, घड्याळाच्या टिकटिकीत वाटत नाही तसं. दर सोमवारी दुपारी दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी डबे उघडत. चालतंयराव शेवटी एक संत्रं सोलत, अखंड साल निघेल असं, आणि सोलता सोलता विचारत, ‘काय, सगळी शुद्ध?’ तपासनीस म्हणायचा, ‘एकूण एक.’ ‘चालतंय,’ ते म्हणायचे, आणि निम्म्या फोडी त्याच्यापुढे सारायचे. सहा वर्षांचे सोमवार किती होतात हे आता परत आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या मोजायचा मोह त्याने मोठ्या कष्टाने आवरला, कारण बोटं अजून थंड होती आणि एकदा मोजायला लागलं की काय निघेल याचा त्याला त्या दिवशी भरवसा नव्हता.

सहा वर्षं हा आकडा त्याला कुठे मिळाला? तर स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये. दोनशे बारावं मशीन आपल्या यादीत कसं नाही हे बघायला त्याने तो उघडला; आणि बऱ्याच वर्षांनी आपलीच जुनी वही उघडावी आणि मध्येच दुसऱ्याच्या हातचं पान लागावं तसं झालं. कामाला सुरुवात करायच्या आधी प्रोग्रॅम एक छोटी यादी वाचत असे: कुणाला विचारायचं नाही त्यांची. ही यादी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या मशीनपुरती होती, एक-दोन दिवसांची सोय. ती नेहमी रिकामी असते असं तो धरून चालला होता. तिच्यात एक ओळ होती. मशीनचा नंबर, आणि पुढे दोन शब्द, ‘सध्या वगळा’. खाली तारीख, आणि ही ओळ कुणी घातली त्याचं नाव. नाव त्याचं स्वतःचं होतं. क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपणच घातली असेल. माणूस काय काय विसरतो. मग त्याने तारीख वाचली. त्या तारखेला तो कचेरीत नव्हता. त्या तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला तो एका हॉस्पिटलच्या लांबलचक हिरव्या मार्गिकेत पत्र्याच्या खुर्चीवर बसला होता आणि आतल्या खोलीत त्याचे वडील मरत होते.

तो आठवडा त्याच्या मनात एका वेगळ्या कप्प्यात ठेवलेला होता. आयुष्यात आपल्यासाठी कुणी काय केलं याचा हिशेब तो सहसा ठेवत नसे, पण त्या आठवड्याच्या तोंडावर चालतंयरावांचं नाव कोरलेलं होतं. सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा त्याच्या हातून चहाचा कप कलंडला होता, आणि सगळ्या सर्व्हरवर व्हर्जन दोन काढून तीन चढवायचा कार्यक्रम त्याच आठवड्यात होता. चालतंयरावांनी फडकं आणून टेबल पुसलं आणि म्हणाले, ‘तू जा. मी बघतो इथलं.’ दोनच वाक्यं. त्या वाक्यांवर तो आठ दिवस उभा होता. ते संध्याकाळी हॉस्पिटलात यायचे, तपासनीसाच्या बायकोला घरी पाठवायचे, खुर्चीवर बसून पेपर वाचायचे, धीर वगैरे काही द्यायचे नाहीत. आणि त्या दुपारी त्यांचा फोन आला होता: ती वगळायची यादी उघडायची आहे, एक मशीन जरा त्रास देतंय, पण ती तुझ्याच लॉगिनने उघडते. ‘पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नये’ असा फलक स्वतः लिहून कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर लावणाऱ्या तपासनीसाने तो फलकच म्हणून दाखवला. तेव्हा चालतंयराव म्हणाले, ‘अरे, मी कुठे सख्खा आहे?’ आणि तो हसला. त्या आठवड्यात तो तेवढाच हसला होता. तोंडावर हात धरून, समोरून जाणाऱ्या नर्सला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात, त्याने पासवर्ड सांगितला. वडिलांच्या नोकरीतल्या शिक्क्याचा नंबर होता तो. परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने तो बदलला, मैत्री आपल्या जागी. पण तो दिला होता याची त्याला कधी लाज वाटली नाही. उलट आपणही एकदा कुणावर तरी विश्वास टाकला होता, याचा पुरावा म्हणून तो ते स्वतःशी अधूनमधून काढून बघत असे, जुन्या पदकासारखं. आता त्या पदकाची मागची बाजू दिसली होती, आणि त्याला सारखं एकच वाटत होतं: फडकं कधी आणलं होतं? ओळ घालायचं मनात आल्यावर की त्याआधी? पेपर वाचत बसायचे ते कशासाठी? असल्या प्रश्नांना उत्तर नसतं हे त्याला कळत होतं, पण जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसं मन पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं.

वडील वजनमापं खात्यात निरीक्षक होते. एका लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळेची प्रमाण वजनं बसवलेली, बाजूला शिक्का ठोकायचा पोलादी ठसा. ही पेटी घेऊन ते दुकानोदुकानी हिंडायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तो त्यांच्याबरोबर पेटी उचलायला जायचा. वडील दुकानदाराने पुढे केलेल्या वजनावरच्या शिक्क्याकडे बघतसुद्धा नसत. सरळ तराजूत टाकत. ‘शिक्का वाचायचा नसतो,’ ते म्हणायचे, ‘वजन घालून बघायचं.’ हे ऐकताना त्याला वडिलांचा फार अभिमान वाटायचा; मात्र तो फक्त महिनाभर टिकला. लोखंडी सामानाचं एक दुकान होतं, त्याचा मालक वडिलांचा जुना दोस्त. तिथे गल्ल्याखाली पाच किलोचं एक वजन पडलेलं तपासनीसाने पाहिलं, शिक्का नसलेलं. वडिलांनीही पाहिलं. दोघांनी पाहिलं हे दोघांनाही कळलं. वडिलांनी बाकीची सगळी वजनं तोलली, ते सोडून, आणि पेटी मिटली. रस्त्यात त्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘ते दाराला लावायचं आहे रे. वाऱ्याने आपटतं.’ त्याने मान डोलावली आणि त्यावर काडीइतकाही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून पेटी उचलायला गेला नाही. पुढे वीस-बावीस वर्षं बाप-लेकांचं बोलणं नीट चाललं, भांडण म्हणून कधी नाही; फक्त त्या दाराचा विषय दोघांनी कधी काढला नाही, आणि त्या हिरव्या मार्गिकेत बसून, आता विचारू, उद्या विचारू असं करता करता तो राहूनच गेला. आज पुन्हा त्या थंड खोलीत येऊन राखाडी मशीनपुढे गुडघ्यावर बसून तो मनाशी म्हणाला, दोघंही तसलेच निघाले. हे म्हणताना त्याला विचित्र समाधान झालं.

मशीनवरचं व्हर्जन त्याने बघितलं. दोन. चार नव्हे, तीन नव्हे, दोन, ज्याची डागडुजी करणं कुलूपवाल्यांनी कधीच सोडून दिलं होतं. हे मशीन शहराच्या पलीकडच्या टेकडीवरच्या पंपाशी बोलत होतं. निम्म्या शहराचं पाणी त्या पंपाने चढायचं. म्हणजे सहा वर्षं एक दार सताड उघडं, दारामागे निम्म्या शहराचं पाणी, आणि दारावर आपल्या सहीची पाटी: सर्व काही ठीक. त्याला घाम फुटला, त्या थंड खोलीत, दुसऱ्यांच्या स्वेटरमध्ये. दुपारपर्यंत त्याने बाकीच्या दोनशे अकरा मशीनवर चार पॉइंट एक चढवलं. बोटं आपोआप चालत होती. मग डबा घेऊन तो खिडकीजवळच्या टेबलाशी गेला, कारण सोमवार होता आणि दुसरीकडे कुठे जेवायचं हे त्याला सुचेना.

चालतंयराव संत्र्यापर्यंत आले होते. त्यांनी विचारलं, ‘काय, सगळी शुद्ध?’

‘दोनशे बारा आहेत,’ तपासनीस म्हणाला.

सोलणारा हात थांबला. साल अर्धी निघालेली, स्प्रिंगसारखी लोंबत राहिली. ‘सापडलं का,’ चालतंयराव म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात चक्क सुटल्यासारखं काहीतरी होतं. तपासनीस सगळ्याला तयार होता, कानावर हात ठेवण्याला, रागावण्याला, गयावया करण्याला. सुटकेला नव्हता. मग त्यांनी सगळं सांगितलं, नळ दुरुस्त करणारा सांगतो तसं. त्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे त्यांनी या मशीनवरही तीन चढवलं होतं. चढवताच टेकडीवरचा पंप मुका झाला. त्या पंपाला चालवणारी पेटी दोघांच्या नोकरीपेक्षा जुनी, तिला दोनाचीच भाषा येते. नवी पेटी मागितली तर मंजुरीला दोन वर्षं. तोवर निम्म्या शहराने काय करायचं? म्हणून त्यांनी दोन परत बसवलं, आणि लाल यादीत नाव आलं तर वरचे लोक येऊन मशीनच बंद करतील म्हणून ‘सध्या वगळा’ लिहिलं. तपासनीस परत आला की सांगायचंच होतं. ‘तू आलास तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू.’

‘आणि मग?’

‘मग पुढचा आठवडा पुढेच राहिला.’

तपासनीसाच्या तोंडातला घास कधीचा चावून झाला होता, तरी तो चावतच होता. शेवटी तो म्हणाला, ‘दर सोमवारी विचारत होता तुम्ही मला. तोंडावर. सगळी शुद्ध का म्हणून.’

‘विचारत होतो,’ चालतंयराव म्हणाले. ‘एकदा जरी म्हणाला असतास ना, की थांबा, बघून सांगतो, तर सांगून टाकणार होतो. तू दर खेपेला एकूण एक. लेका, शंकासुर म्हणतात तुला, आणि सहा वर्षं तू मशीनं मोजली नाहीस?’

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते सहन होण्यासारखं नव्हतं. फसवणारा फसवतो ते एक वेळ समजू शकतं. पण फसवलं जाण्यात आपणही दर आठवड्याला सहीनिशी हातभार लावला, हे फसवणाऱ्याने असं संत्रं सोलता सोलता सांगावं? तपासनीसाने डबा मिटला. चालतंयरावांनी नेहमीप्रमाणे निम्म्या फोडी पुढे सारल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. सालीचा तिखट वास मात्र त्याच्या नाकात शिरला आणि दिवसभर निघाला नाही. तो उठत असताना ते म्हणाले, ‘आणि ती नोटीस शेवटपर्यंत वाचलीस का? मला वाटतं...’ ‘विषय बदलू नका,’ तपासनीस म्हणाला. इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य त्याने पहिल्यांदाच तोडलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेली साल सोलू लागले. ती मध्येच तुटली.

मॅडमना चारच्या आत सही केलेला कागद हवा होता. कागद म्हणजे एक छापील फॉर्म: मशीन, व्हर्जन, धोक्यात किती काळ, उपाय, आणि शेवटी एक चौकोन, ‘जबाबदार व्यक्ती’. बाकीचे रकाने त्याने मिनिटभरात भरले. धोक्यात किती काळ: सहा वर्षं. उपाय: मशीन बंद करणे. चौकोनापाशी पेन थांबलं. कागदोपत्री उत्तर सोपं होतं, प्रोग्रॅममध्ये तारखेसकट लिहिलेलं होतं: तो स्वतः. दुसरं नाव लिहायचं तर पासवर्ड दिल्याचं कबूल करावं लागणार, म्हणजे ताशेरा त्यालाही, पण छोटा. चालतंयरावांना मात्र दोन महिन्यांनी निवृत्ती होती, आणि निवृत्तीनंतर नव्या लोकांना शिकवायला तीन वर्षं त्यांना ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. घरी बसलो तर मी आठवड्यात गंजेन, असं ते म्हणत. आणि ते थट्टेत म्हणत असले तरी तपासनीसाला ती थट्टा वाटत नसे, कारण त्यांच्या घरी आता त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पेनाची टोपी लावत, काढत तो बसून राहिला. खिडकीखालच्या रस्त्यावर एक बाई पाण्याच्या पाइपने मोटार धूत होती. टेकडीचं पाणी असेल. तेवढ्यात बायकोचा फोन आला. रविवारी चालतंयरावांना जेवायला बोलावलंय ते लक्षात आहे ना, असं विचारायला तिने केला होता. त्याने तिला सगळं सांगितलं, फॉर्ममधल्या चौकोनासकट. तिच्या मागे कुकरची शिट्टी झालेली त्याला ऐकू आली.

‘तुझं नाव लिहिलंस तर काय होईल?’ तिने विचारलं.

‘खोटं होईल.’

‘आणि त्यांचं?’

‘खरं होईल.’

‘मग तुझा आवाज एवढा का बसलाय?’ ती म्हणाली, आणि दारावर कुणी आलंय म्हणून तिने फोन ठेवला.

याचं उत्तर त्याला देता आलं असतं. तो सांगू शकला असता की प्रश्न मशीनचा नाहीच. त्या आठ दिवसांचा आहे. आयुष्यात एकदा कुणीतरी, मागचापुढचा विचार न करता, तू जा मी बघतो म्हणालं होतं. आणि आता त्या वाक्याखाली एक ओळ सापडली आहे, आणि ती ओळ खोडता येते पण वाक्य परत पहिल्यासारखं वाचता येत नाही. गल्ल्याखालचं वजन बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या बापाचा मुलगा आहे मी. मलाही तेच करता येईल, सध्या वगळा म्हणता येईल, रविवारी जेवायला वाढता येईल. पण मी त्या बापापेक्षा बरा निघायचं ठरवलं होतं ना? हे ठरवणं किती वर्षांपूर्वीचं, कुणाच्या विरुद्ध, हे त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात एवढंच आलं की पेनाची टोपी या वेळी निघालेलीच आहे. त्याने चौकोनात चालतंयरावांचं हजेरीपटावरचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत ते त्याने पहिल्यांदाच लिहिलं, त्यामुळे ते एका परक्या माणसाचं वाटलं आणि तेवढं सोपं गेलं.

मॅडमनी कागद वाचून दोनच प्रश्न विचारले. तुम्ही खात्री केलीत? केली, तो म्हणाला. व्हर्जन दोन, मी स्वतः बघितलं. सहा वर्षं आपण उघडे होतो? हो. मग त्यांनी फोन उचलला आणि पुढचं सगळं इतक्या शांतपणे आणि झटपट झालं की त्याला कचेरीच्या कार्यक्षमतेचं मनापासून नवल वाटलं; याच लोकांना पंपाची एक पेटी आणायला दोन वर्षं लागत होती. साडेचारला त्याने स्वतःच्या हाताने राखाडी मशीन बंद केलं. निळा दिवा लगेच गेला नाही; विझता विझता दोनदा लुकलुकला. चिठ्ठी सुटून खाली पडली, तिचा डिंक केव्हाच वाळला होता. टेकडीवर पंप हाताने चालवायला एका माणसाला स्कूटरवरून पिटाळण्यात आलं. पाचला चालतंयरावांचं दारं उघडणारं कार्ड काढून घेतलं गेलं, आणि त्यांना कळवण्यात आलं की उरलेले दोन महिने त्यांनी घरीच रजेवर राहावं, आणि त्यापुढच्या तीन वर्षांबद्दल त्यांनी आता काही धरून चालू नये.

ते निघाले तेव्हा त्यांच्या हातात कागदाची पिशवी होती: चहाचा मग, जाड काचांचा दुसरा चष्मा, एक छोटा स्क्रूड्रायव्हर. तपासनीस स्क्रीनकडे बघत बसला होता, स्क्रीनवर काही नव्हतं. ते त्याच्या टेबलाशी थांबले. आता ते ‘चालतंय’ म्हणणार, असं त्याला वाटलं, आणि ते म्हणाले तर आपण काय करू याची त्याला धास्ती वाटली. त्यांनी पितळी ढालीतलं एक वाकडं झालेलं पेन सरळ केलं.

‘सात वाजता टेकडीवर फोन कर,’ ते म्हणाले. ‘तो माणूस नवीन आहे. वरचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा असतो, खालचा नंतर. उलटं केलं तर पाइप फुटेल.’

‘करतो,’ तपासनीस म्हणाला.

‘आणि जेवून घे. दुपारी धड खाल्लं नाहीस.’

एवढं बोलून ते गेले. काचेचं दार त्यांच्यासाठी सुरक्षारक्षकाने उघडलं, कारण त्यांचं कार्ड आता मॅडमच्या ड्रॉवरमध्ये होतं. दार मिटताना झालेला आवाज तपासनीसाला ओळखीचा वाटला. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराचा होता तो, तेवढंच. आपण योग्य केलं, त्याने स्वतःला सांगितलं. मग अजून एकदा सांगितलं, कुलूप दुसऱ्यांदा ओढून बघावं तसं. फसवलं गेल्याचं दुःख आतापर्यंत गरम होतं, काहीतरी करायला लावणारं. करून झाल्यावर ते गार झालं, आणि त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, ज्याला त्याला नाव देता येईना. फसवलं त्यांनी होतं. मग पाठ आपण फिरवल्यासारखं का वाटतंय? बाहेर संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर चढत होतं. इमारत हळूहळू रिकामी झाली. झाडलोट करणाऱ्या बाई त्याच्या टेबलाखालची टोपली घेऊन गेल्या, आणि आज कागद नाहीत का हो, असं सहज विचारून गेल्या.

कागद होते. फॉर्मला नोटीस जोडायची होती, आणि मॅडमची शिस्त अशी की जोडपत्र पूर्ण असलं पाहिजे, पहिलं पान चालायचं नाही. त्याने चारही पानं छापायला टाकली. प्रिंटरने ती उलट्या क्रमाने काढली, त्यामुळे चौथं पान सर्वांत आधी आलं. त्यावर एक तक्ता होता, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ. हे भोक, त्यात लिहिलं होतं, व्हर्जन चारबरोबर पहिल्यांदा आलं. व्हर्जन दोन आणि तीनमध्ये ते नाही.